गाडीत सापडलेले प्लग माझे नव्हेत

दिनांक १७/०८/२०२४, रोहा

माझे नाव सौ. नूतन हरेश घरत, वय ३९ वर्षे, धंदा गणपतीच्या कारखान्यात रंगकाम व आखणी, राहणार जोहे, तालुका पेण, जिल्हा रायगड. मला कोणी बोलावलेले नसताना मी आज आपण होऊन पोलीस ठाण्यात हजर झाले असून तोंडी जबाब देते की,

मी वरील पत्त्यावर माझे पती हरेश, सासू सीताबाई आणि मुलगी भूमिका यांच्यासोबत राहते. घराला लागून आमचा गणपतीचा कारखाना आहे. साच्यात प्लास्टर ओतण्याचे काम माझे पती करतात. रंग आणि आखणी माझ्याकडे असते. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणे. मिथुन भोईर, राहणार निडी, तालुका रोहा, हा आमच्याकडे गाडी चालवण्याचे आणि माल चढवण्या-उतरवण्याचे काम करतो. आमच्याकडे एक पांढरी व्हॅन आहे व ती माझ्या नावावर आहे.

मंगळवार, दिनांक १३ रोजी संध्याकाळी निडी गावाजवळ रोह्याच्या रस्त्यावर या व्हॅनची ठोकर लागून गिरजाबाई नावाच्या बाई गंभीर जखमी झाल्या. त्या अजून शुद्धीवर आलेल्या नाहीत. लोकांनी मिथुनला गाडीच्या स्टेअरिंगवर बसलेला असताना धरले व तो तेव्हापासून कोठडीत आहे. गाडी मिथुन चालवत नव्हता, हे सांगण्यासाठी मी आले आहे. कोण चालवत होते तेही सांगणार आहे.

माझ्यासोबत माझ्या सासूबाई आलेल्या आहेत. मी त्यांना आणलेले नाही. मी एसटीत चढले तर त्या आधीच बसल्या होत्या. सध्या त्या बाहेर बाकावर मांडीवर पिशवी घेऊन बसल्या आहेत. त्या मला अडवायला आल्या असाव्यात असे मला वाटते.

जबाब घेणाऱ्या पोलीस मॅडमनी विचारले की तुम्हाला गाडीतले काय कळते. मला गाडी चालवता येत नाही, शिकायची इच्छाही नाही. इंजिनात ठिणगी पाडणारे प्लग तेवढे कळतात. ते कसे, हे सांगितल्याशिवाय पुढचे कोणाला पटणार नाही, म्हणून सांगते. कंटाळा आला तरी लिहून घ्यावे.

आमच्या कारखान्यात प्लास्टरची धूळ कायम असते. भातावर, उशीवर, देवावर सगळीकडे बसते. ती व्हॅनमध्येही जाते. या व्हॅनचे इंजिन पुढच्या सीटखाली आहे. दोन वर्षांपूर्वी ऐन हंगामात माल भरलेली व्हॅन वडखळजवळ आचके देऊन बंद पडली. पेणचे मेकॅनिक पुंडलिक यांनी येऊन सीट उचलली आणि सांगितले की धुळीने हवेची जाळी चोंदली आहे आणि प्लग काळे पडले आहेत. तेव्हा मी गाडीत मूर्ती सांभाळत बसले होते. मिथुन हा बाहेर टायर पाहत होता आणि माझे पती फोनवर गिऱ्हाइकाशी भांडत होते. म्हणून पुंडलिक यांनी प्लग माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "वहिनी, प्लग म्हंजे इंजिनाची जीभ. डॉक्टर कसा जीभ काढायला सांगतो, तसं ह्याला काढून बघायचं. आतला रोग भायेर दिसतो." टोक भाजल्या बिस्किटासारखे तपकिरी असले तर इंजिन निरोगी. काजळी धरली तर पेट्रोल जास्त जाते किंवा हवा कमी पडते. ओलसर काळे असले तर तेल चढते आहे. पांढरे फटक पडले तर इंजिन तापते आहे. माझा जन्म रंगात गेला असल्यामुळे मला हे एकदाच सांगावे लागले.

त्यानंतर महिन्यातून एकदा प्लग काढून पाहणे हे काम माझ्याकडे आले. इंजिन थंड झाल्यावर सीट उचलायची, आधी भोवतीची धूळ मऊ कुंचल्याने झाडून घ्यायची, नाहीतर प्लग काढताच प्लास्टर आत पडते. मग वरची कॉइल, म्हणजे प्लगला वीज देणारी टोपी, काढायची आणि लांब पान्याने प्लग सोडवायचा. चारही प्लग आपापल्या जागीच परत गेले पाहिजेत, म्हणजे इंजिनाच्या कोणत्या खोलीत काय दुखते ते कळते. त्यासाठी मी मुकुटाच्या चंदेरी-सोनेरी रंगाने प्रत्येकाच्या पांढऱ्या अंगावर ठिपके देते. पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, असे चारपर्यंत. परत बसवताना आधी हाताने फिरवायचा, हाताने जाईना झाला की मगच पान्याने थोडा आवळायचा. जोर केला की आटे जातात. आणि प्लग कोरडा बसवायचा. पुंडलिक यांनी हे मला दोनदा बजावले होते की प्लगला तेल, ग्रीस काही लावायचे नाही. हे वाक्य कृपया वेगळे लिहावे, कारण पुढे त्यावरच सगळे आहे.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर माझे पती दारू पिऊन गाडी घेऊन निघाले व सोबत भूमिकेला घेऊन गेले. हमरापूरच्या बाजूला गाडी शेतात उतरली. भूमिकेच्या हनुवटीला टाके पडले. तेव्हा मी पोलिसांत तक्रार दिली नाही. घरातल्या घरात मिटवले. सासूबाई म्हणाल्या, नजर लागली. मी म्हटले, नजर नाही, बाटली लागली. त्यावरून दोन दिवस चूल वेगळी झाली.

मी किल्ली लपवू लागले तर त्यांनी पेणला जाऊन दुसरी करून आणली. तीही लपवली तर तिसरी आली. घरात कलह नको म्हणून मग मी दुसरा उपाय केला. ज्या दिवशी ते प्यायले, त्या दिवशी ते झोपले की मी चारही प्लग काढून कॉइल होत्या तशा बसवून सीट खाली करत असे. प्लग माझ्या कुंचल्यांच्या डब्यात ठेवत असे. सकाळी ते उठण्याआधी परत बसवत असे. बाहेरून पाहणाऱ्याला काही कळत नाही. किल्ली फिरवली की गाडी नुसती घरघरते, पेटत नाही.

याचा परिणाम असा झाला की आमची गाडी संध्याकाळी चालू होत नाही अशी गावभर बातमी झाली. माझे पती लोकांना सांगत की गाडीला तिन्हीसांजेचे काहीतरी लागते. सासूबाईंनी गाडीपुढे नारळ फोडला. लिंबू-मिरची बांधली. गावातल्या एका भगताने सांगितले की गाडीवर बाईची सावली आहे. भगत खोटे बोलला असे मी म्हणणार नाही. त्या नारळाचे खोबरे मीही खाल्ले.

पुंडलिक यांना माझ्या ठिपक्यांवरून आणि झिजलेल्या आट्यांवरून शंका आली होती. शिमग्याच्या सुमारास त्यांनी नवे प्लग बसवले, जुने चार रिवाजाप्रमाणे नव्यांच्या खोक्यात घालून माझ्या हाती दिले आणि म्हणाले, "रोज काढघाल केली तर डोकं खराब व्हईल." मी म्हटले, कोणाचे. ते म्हणाले, "इंजिनाचं, वहिनी."

ते जुने चार प्लग सासूबाईंनी माझ्याकडून मागून घेतले. त्यांचे माहेर खाडीकाठच्या खारापाटात मिठागरावर आहे आणि आजही त्या खाडीवर पाग टाकायला जातात. पाग म्हणजे फेकायचे जाळे. त्याच्या कडेची शिशाची वजने गळून पडली होती, त्या जागी त्यांनी हिरव्या दोरीने हे चार प्लग बांधले. आमच्या बाजूला असे पुष्कळ जण करतात. जुन्या प्लगांवर मी चंदेरी ठिपके दिले होते. नव्यांवर सोनेरी आहेत. हे जाळे घराच्या पडवीत खुंटीला टांगलेले असते. त्याला कोणी हात लावला तर सासूबाई अख्खी आळी डोक्यावर घेतात.

मंगळवारी सकाळी माझे पती व मिथुन यांनी रोह्याजवळच्या अष्टमी गावी कान्हूशेठ यांच्या दुकानात मूर्ती पोहोचवल्या व दुपारी ते परत आले. मिथुनला ताप होता, म्हणून त्याला मीच घरी जायला सांगितले. तो तीनच्या सुमारास एसटीने निडीला गेला. जाताना किल्ली त्याने माझ्या समोर खिळ्याला लावली. माझे पती जेवताना प्यायले व आतल्या खोलीत झोपले. इंजिन थंड झाल्यावर मी चारही प्लग काढले, पुसले, डब्यात ठेवले आणि माळ्यावर आखणीला बसले.

पाचच्या सुमारास माझे पती माळ्याच्या शिडीखाली येऊन मोठ्याने बोलू लागले. कान्हूशेठचा फोन आला होता. मोठ्या मूर्तीचा हात मनगटात तडकला होता आणि दुकानातले चारचौघे ऐकत असताना त्यांनी फोनवरच माझ्या पतींना बोल लावला होता. माझे पती म्हणाले, "आत्ता जाऊन हात लावून येतो त्याला. घरतांच्या मूर्तीला नाव ठेवतो काय!" मी वरूनच म्हटले, सकाळी जा. ते म्हणाले, "आत्ता." मी म्हटले, गाडी चालू व्हायची नाही. त्यावर ते हसले आणि निघून गेले. मी डोळा अर्धा काढलेला होता व आखणी करताना श्वासही धरून ठेवावा लागतो, म्हणून मी वळून पाहिले नाही. ते का हसले याचा विचार मी त्या वेळी केला नाही. आता त्याशिवाय दुसरा विचार येत नाही.

खाली रंगाचा कॉम्प्रेसर चालू होता. शेजारच्या दोन्ही कारखान्यांतही चालू होते. गाडीचा आवाज मला आला नाही.

दिवेलागणीला मी खाली उतरले तर अंगणात गाडी नव्हती. मी धावत माळ्यावर जाऊन डबा उघडला. चारही प्लग डब्यात होते. सोनेरी ठिपके मोजले, चारही माझेच होते. मी डबा हातात धरून तशीच खाली बसले. प्लग इथे आणि गाडी बाहेर, हे माझ्या डोक्यात बसेना. क्षणभर मला भगताचेही खरे वाटले.

मी पतींना फोन लावला, तो बंद होता. मिथुनला लावला. पुष्कळ वेळ वाजून तो दुसऱ्याच माणसाने उचलला. मागे गलका होता. तो माणूस म्हणाला, "कोण बोलताय? गाडीवाले काय? तुमचा ड्रायव्हर धरलाय आमी. बाईला उडवून पलत होता." मी मिथुनला फोन द्या म्हटले. त्याने दिला नाही. मागून मिथुनचा आवाज मला ऐकू आला. तो ओरडत होता, "मी गारी चालू करून बगत होतो! तिला दवाखान्यात न्यायला!" मग फोन बंद झाला.

माझे पती रात्री पेणहून रिक्षाने घरी आले. पायांना गुडघ्यापर्यंत चिखल होता. त्यांनी हात धुतले, पुन्हा धुतले, आणि मी काही विचारण्याआधीच म्हणाले की मिथुनने गाडी पळवून नेली व आपण त्याला शोधायला पेणला गेलो होतो. सासूबाई पडवीत बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही व मुलाकडेही पाहिले नाही.

बुधवारी सकाळी मिथुनची आई आमच्या कारखान्याच्या दारात येऊन उभी राहिली. मी तिला आत बोलावले, ती आली नाही. चहा दिला, घेतला नाही. दुपारपर्यंत ती मूर्तींकडे पाहत उभी होती आणि मग गेली. मला त्या दिवशी एकही डोळा काढता आला नाही.

त्याच सकाळी सासूबाईंनी खुंटीवरचा पाग काढून पिशवीत भरला. त्या ओरडल्या नाहीत. आमच्या लग्नाला सोळा वर्षे झाली, त्या जाळ्यावरून त्या ओरडल्या नाहीत असा प्रसंग मी पाहिलेला नाही. रात्री ती पिशवी त्यांनी उशाला घेतली. मी समजायचे ते समजले.

काल, शुक्रवारी, गाडी माझ्या नावावर असल्याने मला येथे बोलावण्यात आले. माझ्यासमोर आवारात गाडीची तपासणी झाली. त्यासाठी पुंडलिक यांना पेणहून बोलावले होते. गाडी ठोकर देऊन पुढे थोड्या अंतरावर बंद का पडली हे पाहायचे होते. पुंडलिक यांनी सीट उचलली, प्लग काढले आणि फडक्यावर ओळीने मांडले. ते म्हणाले, "हे मी बसवलेले नाहीत." मग एक प्लग बोटांत फिरवून म्हणाले, "ह्याला तेल कोणी चोपडलंय? हे इंजिनातलं नाय. भायेरून लावलेलं हाय. आट्यांत हाय, वर कॉइलच्या तोंडात पण हाय. आचके देऊन बंद नाय पडणार तर काय!" त्यांनी वास घेतला आणि प्लग माझ्यापुढे धरला. त्याला साबणाचा वास होता.

मॅडमनी मला विचारले होते की हे प्लग ओळखता का, तेव्हा मी हो म्हटले नाही की नाही म्हटले नाही. पुंडलिक यांनी माझ्याकडे पाहिले आणि प्लग फडक्यात गुंडाळले. आज विचारल्यावरून सांगते की मी ते प्लग पाहताक्षणी ओळखले होते. गंज चढलेला, काचपेपरने घासलेला, तरी चंदेरी ठिपके शिल्लक होते. एकाच्या मानेत हिरव्या दोरीचा तुकडा अडकला होता. ते सासूबाईंच्या जाळ्याचे प्लग आहेत.

आता तेलाचे सांगते. साच्यात प्लास्टर ओतण्याआधी साच्याला आतून गोडे तेल आणि साबण कालवून लावतात, म्हणजे मूर्ती अलगद सुटून येते. ते मिश्रण आमच्याकडे माझे पतीच करतात. त्याच्या डब्याला व साच्यांना ते कोणाला हात लावू देत नाहीत. साचे त्यांच्या वडिलांचे आहेत. "दुसऱ्याचा हात लागला का साचा रुसतो," असे ते म्हणतात. मिथुन चार वर्षे आमच्याकडे आहे, पण त्या डब्यापाशी तो कधी गेलेला नाही. मी तर त्यापासून लांबच राहते, कारण हाताला तेल असले की मूर्तीवर रंग धरत नाही.

माझ्या पतींच्या हाताला लहानपणापासून एकच वळण आहे. एकात दुसरे बसवायचे म्हटले की त्यांचा हात आधी त्या डब्याकडे जातो. खिळा ठोकायचा तर डब्यात बुडवून ठोकतात. कुलपात किल्ली घालण्याआधी तेल लावतात. भूमिकेच्या पेन्सिलीला खोडरबर बसवून दिले तेव्हाही लावले होते, तिची वही खराब झाली म्हणून ती रडली. आम्ही त्यांना यावरून चिडवत असू. ज्याला गाडीचे थोडेही कळते तो प्लगला तेल लावणार नाही. मिथुनला कळते. माझ्या पतींनी आयुष्यात प्लग बसवलेला नाही. त्या संध्याकाळी त्यांनी तो साच्यासारखा बसवला.

काल येथून घरी गेल्यावर माझ्यात व पतींच्यात जे बोलणे झाले ते पुढीलप्रमाणे. त्यांनी त्या दिवशी दारू घेतलेली नव्हती. ते म्हणाले, "पोलिसांना एवढंच सांगायचं. आमची गारी सांजचे चालू होत नाय. आख्ख्या जोह्याला म्हाईत हाय. मना चालू झाली नसती, मिथुनला युक्ती म्हाईत." मी विचारले, का चालू होत नाही ते तुम्हाला माहीत आहे का? त्यांनी दार लोटून घेतले. मग म्हणाले, "तुना म्हाईत हाय, मना म्हाईत हाय. तिसऱ्याला कशाला?"

मी विचारले, कधीपासून? ते म्हणाले, शिमग्यापासून. एकदा जाग आली तेव्हा त्यांनी मला खिडकीतून पाहिले होते. मी म्हटले, मग बोलला का नाहीत? ते म्हणाले, "काय बोलू? पोरीची हनुवटी मना पन दिसते. तू काढतेस तर काढ, बरंच हाय, असं वाटलं मना." मॅडम, हे ऐकून मला रडू आले. ते मी येथेही लपवत नाही. इतके महिने हा माणूस मुद्दाम न पेटणारी गाडी फिरवत बसत होता आणि गावाला भुताची गोष्ट सांगत होता. मी विचारले, मग मंगळवारी काय झाले? ते म्हणाले, "कान्हूशेठ सगल्यांसमोर हसला."

मी विचारले, ती बाई रस्त्यात पडली तेव्हा उतरलात का? ते उठून पाणी प्यायले. मी पुन्हा विचारले. ते म्हणाले, "मिथुन तरना हाय. सुटंल तो." मी तिसऱ्यांदा विचारले नाही. मला उत्तर मिळाले होते.

सासूबाई आतल्या खोलीत होत्या. आमच्या घराच्या भिंती वरपर्यंत नाहीत. त्यांना सर्व ऐकू गेले असणार.

माझे पती वाईट नाहीत असे मी म्हणू शकते, आणि ते खरेही आहे. पण रस्त्यात पडलेल्या बाईला टाकून ते पळाले, आणि आपल्या गावाजवळ आमची गाडी ओळखून तिला उचलायला जो धावला त्याच्या गळ्यात त्यांनी स्वतःचा फास घातला. मिथुनने गाडीतच राहिलेली किल्ली फिरवून गाडी चालू करायचा प्रयत्न केला आणि ती चालू झाली नाही, कारण प्लगला साच्याचे तेल होते. गाडी चालू झाली असती तर गिरजाबाई अर्धा तास आधी दवाखान्यात गेल्या असत्या. मला त्या तेलाचा राग येतो. माणसाचा राग मागाहून येईल.

माझे चार प्लग, सोनेरी ठिपक्यांचे, मी सोबत आणलेले आहेत व मॅडमच्या टेबलावर ठेवले आहेत. ते पुंडलिक यांना दाखवावेत. त्यांची टोके तपकिरी आहेत. इंजिनाला काही रोग नव्हता.

मॅडमनी विचारले की ज्या जाळ्याचे प्लग कापले ते जाळे कोठे आहे. मी सांगितले की ते माझ्या सासूबाईंजवळ आहे, बहुधा बाहेर मांडीवर आहे, पण त्या ते देणार नाहीत. त्यांना एकुलता एक मुलगा आहे. त्यांच्याकडून ते ओढून घेऊ नये अशी मी विनंती केली. नुसत्या माझ्या शब्दावर मिथुन सुटत नसेल तर काय करावे हे मला कळत नाही, असेही मी म्हटले.

त्यावर मॅडमनी सासूबाईंना आत बोलावले. त्या आल्या, खुर्ची दिली ती त्यांनी घेतली नाही. मॅडमनी त्यांना समजावून सांगितले की मुलाविरुद्ध बोलण्याची त्यांच्यावर सक्ती नाही. सासूबाईंनी विचारले, "ती गिरजाबाय केवढी हाय?" हवालदारांनी कागद पाहून सांगितले की बासष्ट वर्षांच्या आहेत. सासूबाई म्हणाल्या, "माज्याएवरी." मग त्यांनी पिशवीतून पाग काढला आणि माझ्या चार प्लगांशेजारी टेबलावर पसरला. खोलीत खाडीचा वास आला. जाळ्याच्या कडेला हिरव्या दोरीची चार टोके कापलेली होती. ती साच्याच्या तेलाने चिकट झालेली मी पाहिली.

मॅडमनी विचारले, हे कोणी कापले? सासूबाई म्हणाल्या, "मना नका विचारू. मी आई हाय. जाल्याला विचारा." एवढे बोलून त्यांनी पदर तोंडाला लावला. थोड्या वेळाने त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "सही कर आन् चल गो. देवांचं डोले ऱ्हायलेत."

माझा हा जबाब हवालदारांनी सासूबाईंसमक्ष मला सावकाश वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच उतरलेला आहे, त्यात मला काही वाढवायचे अगर खोडायचे नाही. मला कोणी धाक दाखवलेला नाही. खाली सही माझी आहे व ती करताना माझा हात हललेला नाही.

सही/-
सौ. नूतन हरेश घरत